जुन्या ट्रकचा क्राऊन-पिनियन किती दातांचा? हाऊसिंग न उघडता मोजायची रीत

स्पेअर पार्टच्या दुकानात क्राऊन-पिनियन मागितलं की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, “सहा-एक्केचाळीस देऊ की सात-एक्केचाळीस?” नवा माणूस इथेच अडतो. गाडीचं मॉडेल त्याला पाठ असतं, चेसिस नंबर खिशात असतो, हाऊसिंगचा, म्हणजे मागच्या एक्सलच्या कवचाचा, फोटो मोबाइलमध्ये असतो. पण आत किती दातांची जोडी बसली आहे, हे यातलं काहीच खात्रीने सांगत नाही.

मी एकदा तिथेच अडलो आणि ऐकीव उत्तर देऊन बसलो. ऊस ओढायला घेतलेली जुनी टाटा १२१० होती. आधीचा मालक म्हणाला होता, “पुलिंगचा क्राऊन आहे, घाटाची काळजीच करू नका.” त्या शब्दावर मी सहा-एक्केचाळीसची जोडी आणली. मिस्त्रींनी हाऊसिंग उघडलं, तेल निथळत असलेला पिनियन कापडाने पुसला आणि माझ्यासमोर धरला. सात दात. आणलेली जोडी बसवता आली असती, पण मग कारखान्यावरून रिकामी परतताना गाडी अख्खा हंगाम कण्हत आली असती. दुकानदार उघडलेला माल परत घेईना. ऐन गाळपात गाडी नऊ दिवस उभी राहिली.

जे काम अर्ध्या तासात खडूने होतं ते न केल्याचा तो खर्च होता. म्हणून ही रीत नव्याने जुना ट्रक घेणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो आहे.

आकडा नेमका कशाचा

गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट मागे हाऊसिंगमध्ये शिरतो. त्याच्या टोकाशी लहान गिअर असतो, तो पिनियन. पिनियन मोठ्या चक्राला फिरवतो, ते क्राऊन. क्राऊनला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचा, गोळा बांधलेला असतो आणि त्यातून दोन्ही बाजूंचे एक्सल शाफ्ट चाकांकडे जातात.

क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, हा झाला मागच्या एक्सलचा रेशो. ४१ भागिले ७ म्हणजे ५.८५७. चाकाचा एक फेरा व्हायला शाफ्टचे जवळजवळ पावणेसहा फेरे लागतात, थोडे जास्तच. ४१ भागिले ६ म्हणजे ६.८३३. दुकानात पिनियनचा आकडा आधी बोलतात, “सात-एक्केचाळीस”. भागाकार मात्र उलटा करायचा, मोठा आकडा वर. नवीन लोक इथे हमखास गोंधळतात.

रेशो मोठा असेल तर गाडी ओढायला जोरदार आणि पळायला मंद. लहान असेल तर सपाट रस्त्यावर पळते, डिझेलही वाचवते, पण भरलेली असताना चढावर लवकर गिअर मागते. फरक किती पडतो ते हिशेबाने बघा. ९.००-२० चा टायर एका फेऱ्यात साधारण ३.१ मीटर पुढे जातो. वरचा गिअर थेट, म्हणजे एकास एक असेल आणि इंजिन मिनिटाला २४०० फेरे करत असेल, तर ७/४१ वर गाडी ताशी सुमारे ७६ किलोमीटर जाते. तीच गाडी, तेच इंजिन, पण ६/४१ असेल तर ६५. खंबाटकी चढताना ६/४१ वाला पुढे दिसेल आणि घाट संपून सातारचा सपाट रस्ता लागला की मागे पडेल. डिचोली-सांग्याकडे खनिज ओढणाऱ्या टिपरला जो क्राऊन शोभतो तो लांब पल्ल्याच्या मालगाडीला शोभत नाही, तो यामुळेच.

हे ४१, ३७, ४३ असे अवघड आकडे का निवडले, असं कुणालाही वाटेल. सरळ ४२ आणि ७ घेतले असते तर रेशो नेमका ६ आला असता. पण मग पिनियनचा एकेक दात आयुष्यभर क्राऊनच्या त्याच सहा दातांना भेटत राहिला असता आणि एखाद्या दाताचा दोष त्याच जागी खोल होत गेला असता. ४१ ला ७ ने भाग जात नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. एकदा भेटलेली दातांची जोडी पुन्हा समोरासमोर यायला पिनियनला ४१ फेरे आणि क्राऊनला ७ फेरे घ्यावे लागतात. हे लक्षात ठेवा. पुढे मोजताना सगळी मदार यावरच आहे.

आधी पाटी बघा, पण तिच्यावर विसंबू नका

बऱ्याच हाऊसिंगवर डिफरन्शियलच्या तोंडाजवळच्या एखाद्या बोल्टखाली छोटी पत्र्याची पट्टी असते, किंवा हाऊसिंगच्या कडेला आकडे ठोकलेले असतात. वायर ब्रशने माती आणि तेलाची खपली काढा, रॉकेलचं फडकं फिरवा, बॅटरी तिरकी धरून वाचा. कधी ७/४१ असं सरळ लिहिलेलं मिळतं, कधी ५.८५, कधी नुसता पार्ट नंबर.

मिळालेला आकडा वहीत लिहा, पण मोजणी सोडू नका. पाटी कारखान्यातून निघालेल्या जोडीची गोष्ट सांगते, आज आत असलेल्या जोडीची नाही. आपल्याकडे चाळीस-पन्नास वर्षांची गाडी म्हणजे चार-पाच मालक, दोन-तीन इंजिनं, आणि कुठल्या तरी मोडीत काढलेल्या गाडीचं अख्खं हाऊसिंग आणून बसवलेलं असणं अगदी नेहमीचं. १९६९ पर्यंत टाटाच्या गाड्यांवर मर्सिडीजचा तारा असे. आज तारा मिरवणारी एखादी जुनी गाडी पाहिली तरी तिच्या खालचा एक्सल त्याच काळचा असेल असं कुणी सांगू शकत नाही.

चाक उचलण्याआधी हे वाचा

सगळ्यात जास्त महत्त्वाचं इथेच आहे. मोजण्यासाठी आपण मागचं एका बाजूचं चाक उचलतो, दुसरं जमिनीवर ठेवतो. बहुतेकांना वाटतं, गाडी गिअरमध्ये आहे, आता ती कुठे जाते? चूक. एक मागचं चाक हवेत असलं की डिफरन्शियल त्या चाकाला मोकळं फिरू देतो आणि जमिनीवरचं चाक गाडीला घेऊन निघू शकतं. गिअर गाडी धरत नाही. ज्या जुन्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर असतो, तोही धरत नाही, कारण तो शाफ्टच अडवतो, चाक नव्हे. शिवाय मोजताना आपल्याला गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक मोकळा ठेवावा लागतो. म्हणजे गाडी उभी राहते ती निव्वळ चाकांना लावलेल्या ठोकळ्यांवर.

म्हणून जागा सपाट आणि टणक हवी. शेताच्या बांधावर, पावसाने मऊ झालेल्या मुरमावर हे काम करू नका. गाडी रिकामी असावी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून, आणि जमिनीवर राहणाऱ्या मागच्या चाकालाही दोन्ही बाजूंनी, भक्कम लाकडी ठोकळे ठोकून बसवा. रस्त्याकडेचा गोल दगड चालणार नाही, तो चाकाबरोबर लोळतो. जॅक एक्सलखाली, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जवळ लावा. मधल्या गोळ्याखाली लावू नका. टायर जमिनीपासून दोन बोटं सुटला की पुरे. मग लगेच एक्सलखाली लोखंडी घोडी सरकवा आणि वजन घोडीवर उतरवा. जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नाही.

इंजिन बंद आणि किल्ली तुमच्या खिशात. इंजिनवर चाक फिरवून मोजण्याचा विचारही करू नका.

एअरब्रेकच्या ज्या गाड्यांत पार्किंग ब्रेक स्प्रिंगवर असतो, तिथे टाकीत हवा नसेल तर चाकं आवळलेलीच राहतात. आधी इंजिन चालवून हवा भरा, इंजिन बंद करा, ठोकळे तपासा आणि मगच पार्किंग ब्रेक सोडा.

मोजणी

दोन माणसं हवीत. एक बाहेर चाकाशी, दुसरा गाडीच्या कडेला बसून बॅटरीच्या उजेडात शाफ्टकडे बघणारा. ट्रक उंच असतो, चेसिसच्या बाहेर बसूनही मागच्या जॉइंटचा फ्लँज, म्हणजे बोल्ट लावलेली चकती, नीट दिसतो. डोकं आणि खांदे गाडीखाली घालायची गरज नाही.

उचललेल्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर, अगदी तळाशी, खडूने जाड रेघ मारा. तिच्यासमोर जमिनीवर एक खूण करा. आता शाफ्ट. पिनियनकडच्या फ्लँजवर, वर येणाऱ्या जागी, पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि त्याच्या समोर हाऊसिंगवर, म्हणजे न फिरणाऱ्या भागावर, दुसरा ठिपका. तेलकट लोखंडावर खडू धरत नाही, आधी पुसून घ्या. फ्लँजला चार बोल्ट असतील तर ते आपोआप पाव-पाव फेऱ्यांच्या खुणा होतात, आठ असतील तर आणखी बारीक वाचता येतं. लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंग असतं. कुठलाही तुकडा बघा, फेरे तेवढेच भरतात.

मग झोल, म्हणजे भागांमधली ढिलाई, काढा. चाक ज्या दिशेला फिरवायचं त्या दिशेला हळूच ढकला, शाफ्ट नुकता हलू लागेल तिथे थांबा आणि खुणा तिथे करा. जुन्या गाडीत शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस, स्प्लाईन (शाफ्टवरच्या लांब खाचा), डिफरन्शियलचे छोटे गिअर, सगळ्यांत थोडा थोडा झोल साठलेला असतो. तो आधी घेतला नाही तर पहिल्याच फेऱ्यात हिशेब बिघडतो. एकदा सुरू केलं की दिशा बदलायची नाही. रेघ पुढे निघून गेली तर चाक मागे ओढू नका, पहिल्यापासून मोजा.

आता नियम. एक चाक जमिनीवर थांबलेलं असताना उचललेल्या चाकाचे दोन फेरे झाले की क्राऊनचा एक फेरा होतो. डिफरन्शियल दोन्ही चाकांची सरासरी धरतो: एक शून्य, दुसरं दोन, म्हणजे क्राऊन एक. हे विसरून जो चाकाचा एकच फेरा मोजतो त्याचा रेशो निम्मा येतो आणि मग “माझ्या ट्रकचा क्राऊन २.९ आहे” असं काहीतरी तो दुकानात सांगतो.

बहुतेक ठिकाणी चाकाचे दोन फेरे करा, शाफ्टचे मोजा, झालं, असं सांगितलं जातं. ढोबळ अंदाजाला ते ठीक आहे, ६/४१ आणि ७/४१ यांतला फरक तेवढ्यात कळतो. पण मला पटणारी रीत वेगळी आहे, कारण तिच्यात रेशो नव्हे, थेट दात हाती येतात.

चाक सावकाश फिरवत राहा. चाकवाला मोठ्याने चाकाचे फेरे म्हणेल, शाफ्टवाला मनात शाफ्टचे फेरे मोजेल. चाकाच्या १० व्या फेऱ्यापासून पुढे दर दोन फेऱ्यांनी, म्हणजे १०, १२, १४, १६, १८ ला, चाकाची रेघ जमिनीवरच्या खुणेवर नेमकी आणून थांबा आणि शाफ्टचा ठिपका कुठे आहे ते बघा. ज्या वेळी शाफ्टचा ठिपकाही हाऊसिंगवरच्या ठिपक्यासमोर नेमका येतो, तो क्षण आपला. चाकाचे फेरे निम्मे करा, ते पिनियनचे दात. शाफ्टचे मोजलेले फेरे, ते क्राऊनचे दात.

१२ फेऱ्यांना ठिपका जुळला आणि शाफ्टचे ४१ भरले, तर ६/४१. शाफ्टचे ३७ भरले तर ६/३७. १४ ला जुळला आणि ४१ भरले, तर ७/४१. १६ ला जुळून ४१ भरले तर ८/४१, ४३ भरले तर ८/४३. वर सांगितलेली दातांची जोडी पुन्हा समोरासमोर येते ती हीच वेळ. ७/४१ च्या गाडीत १२ व्या फेऱ्याला ठिपका जुळल्यासारखा वाटू शकतो, पण नीट बघितलं तर तो फेऱ्याच्या सातव्या हिश्शाने पुढे गेलेला असतो. चार बोल्टांच्या फ्लँजवर दोन बोल्टांमधल्या अंतराच्या निम्म्याहून थोडा जास्त. डोळ्याला स्वच्छ दिसतो. तिथे “जवळपास आलं” म्हणून थांबलात तर ७/४१ च्या गाडीला ६/३५ समजाल. दोघांचे रेशो ५.८५७ आणि ५.८३३ इतके जवळ आहेत की नुसत्या भागाकारातून ही चूक उघडी पडत नाही, ठिपक्यातून पडते.

जोडटायरचं चाक जड असतं. दोन्ही हातांनी फिरेल, नाहीतर दोन व्हीलबोल्टमध्ये टॉमी (लोखंडी दांडा) अडकवून फिरवा. झटके देऊ नका, कारण झटक्याने शाफ्ट चाकाच्या पुढे पळतो आणि झोल पुन्हा मोकळा होतो.

चाक हलतच नसेल तर जोर लावण्याआधी कारण शोधा. हँडब्रेक राहिला असेल, गिअर खरंच न्यूट्रलला नसेल, ब्रेक लायनर ड्रमला घासत असतील, किंवा टिपरमध्ये डिफरन्शियल लॉक अडकलेला असेल. लॉक लागलेला असताना दुसरं चाक जमिनीवर असेल तर उचललेलं चाक फिरूच शकत नाही.

दोन्ही चाकं उचलून मोजणारेही भेटतात. मोकळ्या डिफरन्शियलच्या गाडीत मी ते टाळायला सांगेन. एक चाक फिरवताना दुसरं कधी थांबतं, कधी थोडं उलटं सरकतं, कधी सोबत येतं, आणि मोजलेलं सगळं वाया जातं.

एकटे असाल तर सुतळी घ्या. शाफ्टच्या नळीवर सुतळीचं टोक चिकटपट्टीने पक्कं करा, बाकीचा गुंडा जमिनीवर मोकळा सोडा. चाक फिरवाल तसे सुतळीचे वेढे शाफ्टवर बसत जातील. शेवटी वेढे मोजले की फेरे मिळाले. हे हाताने फिरवतानाच करायचं, आणि काम संपल्यावर सुतळीचा एक धागाही शाफ्टवर ठेवायचा नाही.

चाकाच्या २० फेऱ्यांचा पडताळा करायचा असेल तर शाफ्टचे फेरे असे यायला हवेत: ६/४१ ला अडुसष्ट आणि वर एक तृतीयांश, ६/३७ ला एकसष्ट आणि दोन तृतीयांश, ७/४१ ला साडेअठ्ठावन्नच्या किंचित पुढे, ८/४३ ला पावणेचोपन्न, ८/४१ ला सव्वाएक्कावन्न, ८/३९ ला पावणेएकोणपन्नास, ९/३७ ला एक्केचाळीसच्या किंचित पुढे.

जॅक न लावता

गाडी भरलेली आहे, किंवा जॅकवर भरवसा नाही, तर दुसरी वाट आहे. आपल्याकडच्या जुन्या जड ट्रकांचे मागचे एक्सल बहुधा फुल फ्लोटिंग असतात, म्हणजे गाडीचं वजन हबच्या बेअरिंगवर असतं आणि एक्सल शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो. हबच्या मध्यावर गोल फ्लँज आणि त्याच्या भोवती नटांचं कडं दिसतं, तो एक्सल शाफ्टचा चेहरा.

ठोकळे वर सांगितल्यासारखेच लावा, चारही चाकं जमिनीवर. एका बाजूचे फ्लँजचे नट काढा. काही फ्लँजला वॉशरऐवजी फट असलेल्या शंकूच्या आकाराच्या रिंगा असतात. त्या सैल करायला फ्लँजवर पितळी हातोडीचा ठोका लागतो. काही फ्लँजला आटे असलेली दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट पिळले की फ्लँज आपोआप सुटतो. खाली ट्रे ठेवा, थोडं तेल येणारच. शाफ्ट फक्त इतका बाहेर ओढा की फ्लँज स्टडवरून सुटेल, आतलं टोक मात्र डिफरन्शियलच्या गिअरमध्येच राहील. आता तोच फ्लँज हाताने फिरवा. हे म्हणजे उचललेलं चाकच, फक्त फार हलकं. नियम तोच: फ्लँजचे दोन, क्राऊनचा एक. ठिपके जुळायची कसोटीही तीच. हब, ड्रम, टायर मध्ये नसल्याने झोल कमी आणि मोजणी जास्त नेमकी.

शाफ्ट सुटलेला असताना गिअर किंवा शाफ्टवरचा हँडब्रेक गाडी धरणार नाही, हे इथेही तितकंच खरं. परत बसवताना फ्लँजचं पॅकिंग नवं घाला, नट आडवे-तिडवे सारख्या ताणाने आवळा आणि लेव्हल प्लग उघडून गळालेलं तेल भरा. जुनं पॅकिंग पुन्हा वापरलं तर तेल फ्लँजच्या कडेने झिरपत राहतं.

रस्त्यावरचा पडताळा

जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून येते, चाकावरून नाही. म्हणून कुणी क्राऊन बदलला असेल तर काट्याला ते कळत नाही. सपाट रस्त्यावर एक जण गाडी चालवू दे, दुसऱ्याने मोबाइलवर जीपीएसचा वेग बघावा. मूळ ६/४१ असलेल्या गाडीत ७/४१ घातला असेल तर काटा ६० दाखवताना गाडी खरी ७० ने चाललेली असते. हा फरक कुणीतरी कधीतरी एक्सलला हात लावल्याचं लक्षण आहे. पुरावा मात्र नव्हे, कारण टायरचा साइज बदलला किंवा मीटर दुसऱ्या गाडीचा असला तरी फरक येतो.

टॅकोमीटर असेल तर हिशेबही मांडता येतो. आधी टायरचा फेरा मोजा: टायरच्या तळाशी आणि जमिनीवर खूण, गाडी सरळ रेषेत दोन पूर्ण फेरे पुढे, मधलं अंतर टेपने मोजून निम्मं. इंजिनचे फेरे गुणिले टायरचा फेरा मीटरमध्ये गुणिले ०.०६, या सगळ्याला ताशी वेगाने भागा. वरचा गिअर एकास एक असेल तर उत्तर हाच रेशो. १८९० फेरे, ३.१ मीटर आणि ६० चा वेग घालून बघा, ५.८६ येतं, म्हणजे ७/४१. वरचा गिअर ओव्हरड्राइव्ह असेल तर त्या गिअरच्या रेशोनेही भागावं लागतं. एकट्या या रीतीवर मी जोडी मागवणार नाही. काटा पन्नास फेरे इकडेतिकडे झाला की उत्तर हलतं.

जिथे हीच रीत जरा बदलते

मागे आठ टायर दिसले म्हणून घाबरू नका. आपल्याकडच्या अनेक दहाचाकी गाड्यांत एकच एक्सल ओढणारा असतो, दुसरा नुसता वजन पेलतो. शाफ्ट ज्याला जोडलेला आहे त्यावर मोजा. दोन्ही एक्सल ओढणारे असतील तर सगळ्यात मागच्या एक्सलचं एक चाक उचला आणि दोन एक्सलच्या मधला आखूड शाफ्ट मोजा. गिअरबॉक्सकडचा लांब शाफ्ट मोजलात तर दोन एक्सलमधला तिसरा डिफरन्शियल हिशेब बिघडवतो.

काही टिपरांच्या हबमध्येच आणखी एक गिअरसंच असतो. तिथे चाक फिरवून मिळतो तो एकूण रेशो. क्राऊन-पिनियन त्याचा एक भागच असतो, त्यामुळे दातांची कसोटी तिथे चालत नाही. हब उघडून त्याचा रेशो वेगळा काढावा लागतो.

दुकानात

दातांचा आकडा कळला म्हणजे जोडी ठरली असं नाही. एकाच ७/४१ मध्ये क्राऊनचा व्यास, बोल्टची भोकं, पिनियनच्या स्प्लाईनची संख्या आणि बेअरिंगच्या जागा वेगवेगळ्या असू शकतात. म्हणून एक्सलचं मॉडेल आणि शक्य असेल तर जुना पिनियन सोबत न्या. नुसता पिनियन किंवा नुसता क्राऊन बदलायला कुणी सुचवलं तर नको म्हणा. हे दोन्ही कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेले असतात आणि दोघांवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो. वेगवेगळ्या जोड्यांमधले एकत्र घातले तर पहिल्या दिवसापासून हाऊसिंग ओरडतं. बसवणं मात्र जाणत्या मिस्त्रींवर सोडा. दातांमधली फट, बेअरिंगचा ताण आणि निळा रंग लावून बघितलेला दातांचा ठसा हे हातखंडा माणसाचं काम आहे. तेल हायपॉइड गिअरला चालणारं जीएल-५ दर्जाचंच घाला.

जोडी काउंटरवर आली की खोक्यावरच्या लेबलवर जाऊ नका. खिशातला खडू काढा, क्राऊनच्या एका दातावर रेघ मारा आणि तिथून बोट लावत मोजा. ४१ भरले, पिनियनवर ७ भरले आणि दोघांवरचा जोडीचा नंबर एकच निघाला, की मगच पैसे द्या.